गोदूमावशीच्या चुंबळी

परंड्याला शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा किल्ल्याच्या खंदकाकडच्या एका गल्लीत मला खोली मिळाली. किल्ली हातात देताना घरमालक म्हणाला, "शेजार चांगला हाय बाई. फकस्त त्या गोदूमावशीला काय दिऊ नगा."

मी विचारलं, "का? परत करत नाही?"

"करती की," तो हसत म्हणाला. "तीच तर पंचाईत हाय."

पंचाईत काय होती ते आठवडाभरात समजलं. शेजारधर्म म्हणून मी तिच्याकडं वाटीभर खीर पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक उंच, काटकुळी बाई उभी. विटलेलं हिरवं लुगडं, अंबाड्यात दोऱ्यासकट खोचलेली वाकळ शिवायची मोठी सुई. तिनं वाटी पुढं केली. वाटीत घायपाताच्या दोराचा विणलेला एक पोपट होता, चोचीला कुंकवाचा लाल ठिपका. मी म्हटलं, "अहो मावशी, एवढ्याशा खिरीसाठी कशाला?" तर म्हणाली, "खिरीसाठी न्हाय ओ. वाटीसाठी." आणि आत यायला नको म्हणत निघून गेली.

रिकामं भांडं परत करू नये, हे आपल्याकडं सगळ्याच बायका पाळतात. चिमूटभर साखर, दोन लिंबं, काहीच नसलं तर मूठभर दाणे टाकायचे आणि मोकळं व्हायचं. गोदूमावशीला ते जमत नसे. उपकार अंगावर राहिला की तिला जेवण गोड लागायचं नाही. वाटीत पोपट आला म्हणून मी पुढच्या वेळी चकल्या पाठवल्या, तर ताटलीतून कुंडी टांगायचं शिंकं आलं. मग मी शेंगदाण्याची चटणी पाठवली, तर वाळलेल्या घोसाळ्याची अंग घासायची घासणी आली, तिला धरायला चिंधीची गुंडी लावलेली. शेवटी मीच हात टेकले. त्या बाईशी देण्याघेण्यात कुणाचाच टिकाव लागत नव्हता.

तिच्या घरामागं परस होतं, चार पावलांचं. नवरा तेलाच्या घाण्यावर राखणदार होता, तो वारल्यावर ती लोकांच्या वाकळा शिवून पोट भरायची आणि उरलेला वेळ त्या परसात घालायची. तिथं विकत आणलेलं काही नव्हतं. फुटक्या कौलांचे तुकडे रोवून वाफ्यांना कडा केलेल्या. तुपाच्या पत्र्याच्या डब्यांना गेरू फासून वर चुन्याची नक्षी काढलेली, त्यात कोरफड आणि सब्जा. फुटलेल्या रांजणाच्या बुडात पाखरांसाठी पाणी. करवंट्यांना भोकं पाडून त्या आंब्याच्या डहाळीला टांगलेल्या, त्यात दाणे. आणि भिंतीवर जाईचा वेल. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी फुलं न्यायला यायच्या आणि मावशी त्यांच्यावर ओरडायची, "कळ्या तोडा गं, येल वढू नगा!"

आभार मानायची तिची तऱ्हा सगळ्या गावाला ठाऊक होती. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं एकदा तिच्या खोकल्याचं औषध घरी आणून दिलं. तिनं दिलेलं शिंकं त्यानं घेतलं नाही, सरकारी माणूस, वस्तू कशी घेणार? तर ही बया दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली, स्वतःच खिळा ठोकला, शिंकं टांगलं, त्यात सब्जाचा डबा ठेवला आणि आली. कंपाउंडर मला म्हणाला, "बाई, आता त्याला पाणी कोण घालायचं? म्हंजी मीच!" कुर्डुवाडीच्या गाडीच्या कंडक्टरनं एकदा तिच्यासाठी गाडी थांबवली, तर पुढच्या खेपेला तिनं त्याच्या तिकिटाच्या पेटीला घायपाताचं गोंड्याचं फूल बांधलं. पुढं किती तरी दिवस ते फूल त्या गाडीतून हिंडत होतं.

एकदा मी तिला चिडवलं. "मावशी, समजा एखाद वेळी दिलं भांडं रिकामं परत, तर काय आभाळ कोसळेल?"

ती हसली नाही. "आमची आय म्हनायची, भांडं रिकामं धाडलं म्हंजी तुमचं आमचं मिटलं. त्या घरला परत हात पसरायचा न्हाय. मला लेकीचं बाळंतपन काढायचंय अजून. कुनाशी मिटवून कसं चालंल?"

लेक म्हणजे शालन. बार्शीच्या बाजूला दिलेली. पहिल्या खेपेला तिला माहेरी आणायची तर नेमका तेव्हाच बाप वारला, म्हणून ती सासरीच बाळंत झाली आणि मूल जन्मतःच गेलं. ते खापर मावशीनं आपल्याच कपाळावर फोडून घेतलं होतं. माझ्याजवळ असती तर वाचलं असतं, असं ती उघड म्हणायची. पुढचं बाळंतपण आपल्या दारात, आपल्या हातानं, एवढी एकच गोष्ट तिला आयुष्याकडून हवी होती. बाकी तिनं काहीही मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि शालनला पुन्हा दिवस गेले ते नेमके बहात्तरच्या दुष्काळात.

त्या दुष्काळाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. आमच्या गल्लीपुरतं बोलायचं तर आड आटला, बारवेच्या तळाला भेगा पडल्या, आणि पाणी म्हणजे सोसायटीच्या गोदामापुढं उभा राहणारा टँकर, तोही आला तर. गल्लीतली निम्मी माणसं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पोरं सरकारनं वाटलेली सुकडी खात आणि घराघरांत रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या जात. मावशीला टँकरच्या झुंबडीत शिरता यायचं नाही, गुडघे गेलेले. म्हणून जिला जमेल ती बाई आपल्यातली तांब्या-कळशीभर तिच्या दारात ठेवायची. दोन घरं पलीकडची पद्मीन तर नेमानं. पद्मीन खडीवर राबायची, तोंडानं फाटकी होती, पण हात सढळ.

पाणी आलं की भांडं आलं. आणि भांडं आलं की ते परत करणं आलं.

सुरुवातीला मावशीचं निभावलं. साखर संपली तेव्हा तिनं मिलोचे दाणे टाकले. दाणे मोजके उरले तेव्हा परसातली घोसाळी वाळून गेली होती त्यांच्या घासण्या केल्या, आंबा वाळला तर त्याच्या काटक्यांच्या पळ्या, कोरफड गेली तर रिकामे डबे पुन्हा रंगवून दिले. मरणाऱ्या झाडाची काही ना काही वस्तू करून ती दारोदार पोचवत होती. पाखरांच्या करवंट्यासुद्धा उतरल्या, त्यांच्या वाट्या झाल्या. खरं सांगते, पाहताना कधी कधी तिचा रागही यायचा. घोटभर पाण्याला माणसं मोताद झालेली, आणि ही नक्षी काढत बसलीय!

मग सगळं संपलं. दुष्काळात वाकळा कोण शिवून घेतो, तेव्हा चिंध्याही नाहीत. बांधावरचा घायपात लोकांनी दोरासाठी केव्हाच ओरबाडून नेलेला. तरी पाणी येतच होतं आणि भांडी साचत होती.

अशात शालनला घेऊन तिची सासू आली. पाणी नसेल तर सून ठेवणार नाही, असं ठरवूनच आली होती. मीही त्या वेळी तिथं होते. सासूनं घरभर नजर फिरवली. चुलीपासून मोरीपर्यंत भांड्यांची ओळ, हंडा, कळश्या, घागरी, तांबे, घासून लख्ख, प्रत्येकावर झाकणी. सासूचा चेहरा निवळला. "चांगली तजवीज केलीया की हो इहीणबाई," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीनं सुनेला ठेवून निघून गेली. तिनं एकही झाकण उचललं नाही. मावशी खाली बघत बसली होती. गाडी गेल्यावर मी एक झाकणी उचलली. आत कोरडं. दुसरी उचलली. तिथंही तेच.

"ही सगळी लोकांची भांडी आहेत?" मी विचारलं.

"व्हय."

"मग परत का करत नाही? मावशी, लोक काय म्हणतायत माहीत आहे का? तुम्ही भांडी मोडीत घातली म्हणतात!"

"म्हनू द्या. रिकामी कशी धाडू?"

"रिकामीच धाडा! दुष्काळ आहे, समजतं सगळ्यांना. नाही तर कडुलिंबाच्या पाल्याची दोन पानं टाका."

ती दचकली. "मयताहून आल्यावर चघळतात तो पाला? बाळंतिनीच्या घरातनं?" मग मी म्हटलं मीठ टाका, तर मीठ हातानं द्यायचं नसतं, भांडणं होतात. माझ्याकडची साखर नेऊ केली, तर तुमची वस्तू माझ्या नावानं कशी देऊ? "मग मी तरी सांगते गल्लीत, खरं काय ते," असं म्हणताच तिनं माझं मनगट धरलं. "म्या संपले, हे गल्लीत सांगायचं न्हाय बाई. तुमाला शालनची आन हाय." शालन भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून ऐकत होती. तिच्यादेखत घातलेली ती शपथ मला मोडवेना.

भांडी परत येईनात तसं पाणी येईना. सरळच होतं, दिलेली कळशी गडप होते म्हटल्यावर दुसरी कोण देणार? आणि घरात दिवस भरत आलेली पोर.

शेवटी एका सकाळी पद्मीन दारात आली, खडीवरून सोललेले हात कमरेवर ठेवून. "मावशी, माझी घागर कुठं हाय? घरात येकच घागर हाय मला. ईकली आसंल तर तसं सांगा!"

गल्ली दारादारांत उभी राहिली. मावशी उंबरा अडवून उभी. आतून शालन आली, ओळीतली पद्मीनची घागर कमरेवर घेऊन. "आये, दे की त्यांची त्यांना. कशाला दडवून ठेवलीस?" लाजेनं तिचा चेहरा उतरला होता. मावशीनं लेकीच्या हातातून घागर हिसकून घेतली आणि पोटाशी धरली.

"उद्या देते. पद्मे, उद्या सकाळच्याला देते. तुज्या पाया पडते."

पद्मीनचे कमरेवरचे हात सुटले. भांडायला आलेली बाई, पण घागर समोर दिसत असताना ती मिळत नाही असं तिनं जन्मात पाहिलं नसेल. काहीबाही पुटपुटत ती गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मी मावशीच्या परसात डोकावले. भिंत उघडी होती. जाई, एवढं एकच हिरवं त्या गल्लीत उरलं होतं. मोरीतलं गढूळ पाणी ओंजळीनं घालून तिनं ती जगवली होती. ती बुडापासून कापलेली. मावशी वेलाचे ओले आलवार फाटे पायाच्या अंगठ्यात अडकवून वळत होती, गोल गोल, आणि कडेनं आपल्याच जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळत होती. डोक्यावर घागर ठेवायला बायका वापरतात त्या चुंबळी. एकेक चुंबळ होताच ती एकेका भांड्याच्या तोंडावर ठेवत होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. मीही हाक मारली नाही. मला रडू येत होतं आणि शाळेची घंटा झाली होती.

त्या दिवशी सगळी भांडी घरोघर गेली. पद्मीन संध्याकाळी माझ्या दारात आली, हातात ती चुंबळ. अजून ओली होती, एका बाजूला दोन कळ्या तशाच राहिलेल्या.

"जाई तोडली व्हय हिनं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. पद्मीननं चुंबळ फिरवून फिरवून बघितली आणि ती घरी गेली. तिला सगळं समजलं होतं. दुसऱ्या दिवसापासून टँकरच्या रांगेत बायकांच्या डोक्यावर जाईच्या चुंबळी दिसू लागल्या आणि मावशीच्या दारात पुन्हा तांब्याभर, अर्धा तांब्या पाणी येऊ लागलं.

पण मग टँकरच यायचा थांबला. कुणी म्हणे गाडी बिघडली, कुणी म्हणे भरायची विहीरच आटली. आज येईल, उद्या येईल करत गल्लीनं होतं नव्हतं ते पिऊन टाकलं. आणि नेमक्या त्या दुपारी शालनला कळा सुरू झाल्या.

सुईण आली. तिनं घरातलं पाणी बघितलं आणि मावशीला स्पष्ट सांगितलं, "यवढ्यात हात धुनं सुदिक व्हायचं न्हाय. पानी आना. न्हायतर मी जबाबदार न्हाय." आत शालन ओरडत होती. मी माझ्या खोलीतलं तळाशी उरलेलं आणून ओतलं, ते भांड्याच्या बुडालाच राहिलं.

मावशी उंबऱ्याबाहेर आली. भर उन्हात गल्लीच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही हात मोकळे. या बाईनं कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, लोक आपणहून द्यायचे आणि ती फेडायची. आज फेडायला काही नव्हतं, करायला काही नव्हतं, कापायला वेल नव्हता. तिचे ओठ हलायचे आणि आवाज फुटायचा नाही. आतून शालनची किंकाळी आली तेव्हा तो फुटला.

"पानी द्या गं! पानी द्या कुनी! माज्याकडं द्यायला कायबी न्हाय, पन पानी द्या!"

तो आवाज मला अजून ऐकू येतो. दारं उघडली. कुणी फुलपात्रभर आणलं, कुणी झाकणीत घोटभर. एका म्हातारीनं देवापुढचा गडवा आणला. आणि खडीच्या कामावरून पद्मीन येत होती. तिथल्या विहिरीतली एक घागर तिला मुकादमाच्या हातापाया पडून मिळाली होती, कोसावरून ती डोक्यावर आणलेली. घरात तिची पोरं वाट बघत होती. तिनं स्वतःच्या दाराकडं एकदा पाहिलं आणि सरळ मावशीच्या घरात शिरली. अख्खी घागर सुईणीपुढं ठेवली.

दिवस कलायच्या आत शालन सुटली. मुलगी झाली, रडली, चांगली खणखणीत रडली. गल्लीतल्या बायका हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मला वाटलं संपलं सगळं.

पद्मीननं आपली घागर उचलली, तर मावशीनं दोन्ही हातांनी तिचा काठ धरला. "थांब. रिकामी नेऊ नगंस."

"मावशी, सोडा. टँकर आला तर कशात भरू?"

"बाराव्याला घुगऱ्या करीन. भरून आनून देते. तवर ऱ्हाऊ दे."

"अवं, एकच घागर हाय मला!" पद्मीन रागावली नव्हती, काकुळतीला आली होती. "तुमी काय बी दिऊ नगा. पोरगी जगली, मिळालं मला."

दोघी घागर धरून उभ्या. मग मावशीची बोटं एकेक करून सुटली. पद्मीन निघाली आणि घागर रिकामी गेली. मावशी दाराला धरून, पद्मीन आपल्या घरात शिरेपर्यंत बघत राहिली. घरात नात रडत होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

बारावा दिवस यायच्या आधीच मुकादमाचा ट्रक आला. पश्चिमेला कुठं तरी नवा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता, तिथं बांधकामाला माणसं हवी होती, पाणी होतं, धान्य होतं. पद्मीनचं घर भल्या पहाटे पोराबाळांसकट ट्रकमध्ये चढलं. दाराला कुलूप. मावशीला उजाडल्यावर कळलं. ती धावत स्टँडपर्यंत गेली, तशाच गुडघ्यांनी, असं लोक सांगत. हातात काहीच नव्हतं म्हणे, नुसतीच धावत होती.

पुढं पाऊसपाणी झालं. शालन लेकीला घेऊन सासरी गेली. माझी मुरुमला बदली झाली आणि परंडा सुटलं.

बऱ्याच वर्षांनी शाळेच्या कामानं पुन्हा तिथं जाणं झालं. गल्लीत नळ आले होते, कोपऱ्यावर दूध सोसायटीची पाटी होती. घरोघर ओट्यावर फुलझाडांच्या कुंड्या, आणि कुंडीखाली चुंबळ. डोक्यावरून पाणी वाहायची वेळ राहिली नव्हती, तरी मावशीकडून चुंबळी येतच होत्या, लोकांनी त्यांना हा उपयोग शोधला होता. गोदूमावशी भिंतीशी बसून घायपात सोलत होती. डोळ्यांनी अधू, हात मात्र चालू. मला आवाजावरून ओळखलं. नातीचं लग्न ठरतंय म्हणाली. ते सांगतानाही तिचा चेहरा काही खुलला नाही.

परतताना मला पोचवायला ती निघाली. नको म्हटलं तरी निघाली. हातात नुकतीच वळलेली चुंबळ होती. मला वाटलं माझ्यासाठी असेल. दोन घरं सोडून एका दारापुढं ती थांबली. पद्मीनचं घर. छपराची एक बाजू बसलेली, दाराला तेच कुलूप, गंजून लाल झालेलं. आणि कडीकोयंड्यात, दाराच्या खिळ्यांवर, चौकटीच्या वरच्या खुंटीला चुंबळीच चुंबळी. पावसानं काळ्या पडलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या, काही नव्या. मावशीनं चाचपून कडी शोधली आणि हातातली तिथं अडकवली.

"कारखान्याकडनं कुनी आलं की म्या इच्यारते," ती म्हणाली. "कुनालाच तिचा पत्त्या न्हाय."

"मावशी, तिनं तर तेव्हाच सांगितलं होतं, काही देऊ नका म्हणून."

"तिनं सांगितलं. पन घागर रिकामीच गेली की ओ. मिटवून गेली ती माज्याशी."

गाडीची वेळ झाली होती. स्टँडकडं वळताना मी मागं पाहिलं. ती अजून तिथंच होती. दारापुढं खाली बसून, उंबऱ्यात गळून पडलेल्या जुन्या चुंबळी हातानं चाचपून गोळा करत होती, एकेक झटकत होती, आणि पुन्हा दाराला लावत होती.